नांदत्या वस्तीत घर बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न दोन्ही बाजूंनी येतात. जुनं घर पाडून नवं बांधणारे विचारतात, आणि हद्दीपलीकडे राहून ते सोसणारेही विचारतात. बाजू कायमची नसते. आज तक्रार करणारा चार वर्षांनी स्वतः खोदायला काढतो. म्हणून दोघांची उत्तरं एकत्रच ठेवली आहेत. कायद्याचे दाखले ज्या त्या देशाचे आहेत, तुमच्या शहराचे नियम वेगळे असू शकतात. माती, पाणी आणि आवाज यांचं वागणं मात्र सगळीकडे सारखंच.

१. प्लॉट माझा, नकाशा मंजूर आहे. मग शेजाऱ्यांची परवानगी कशाला?

बहुतेक ठिकाणी लागत नाहीच. पण मंजूर नकाशाचा अर्थ एवढाच, की घर उंची, चटईक्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम), सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा) वगैरे नियमांत बसतं. शेजाऱ्याच्या भिंतीला धक्का लागला तर भरपाई कुणी करायची, हे त्या शिक्क्याने ठरत नाही. तो मामला तुम्हा दोघांतला राहतो.

तुमची जमीन शेजारच्या जमिनीला बाजूने आधार देत असते आणि तो काढून घेता येत नाही, हे तत्त्व भारताच्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात आहे आणि इंग्लंडच्या जुन्या निवाड्यांतही. त्यात एक बारकावा आहे. हा नैसर्गिक हक्क फक्त जमिनीपुरता असतो. तिच्यावर उभ्या इमारतीच्या वजनाला आधार मिळण्याचा हक्क वीस वर्षांच्या वहिवाटीने तयार होतो. जुन्या वस्तीत बहुतेक घरांची वीस वर्षं कधीच उलटलेली असतात, त्यामुळे ‘त्याचं घर जड आहे, त्याला मी काय करू’ हा बचाव तिथे सहसा टिकत नाही.

परवानगी नको, पण कळवणं हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ च्या पार्टी वॉल (सामाईक भिंत) कायद्याने शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत, तिच्या पायाच्याही खाली जाणारी खोदाई असेल तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. सामाईक भिंतीला हात लावायचा असेल तर दोन महिने आधी. जिथे असा कायदा नाही तिथेही हे वेळापत्रक उचलण्यासारखं आहे.

२. शेजाऱ्यांना नेमकं काय सांगायचं?

एक पान पुरतं. काम कधी सुरू होणार, पाडकाम आणि खोदाई साधारण कोणत्या आठवड्यांत, कामाची वेळ, वाळू-खडी कुठे पडणार, राडारोडा कधी उचलणार आणि साइटवरच्या एका जबाबदार माणसाचा फोन नंबर. मालकाचा नंबर देऊ नका असं नाही, पण तो दुसऱ्या शहरात असेल तर त्या नंबरचा उपयोग नाही.

‘सहा महिन्यांत सगळं आटपेल’ हे वाक्य मात्र लिहू नका. बांधकाम लांबतंच. जे हातात आहे तेच कबूल करा: दुपारी ठराविक वेळ ब्रेकर (काँक्रीट फोडायचं यंत्र) बंद, रस्ता रोज संध्याकाळी झाडून साफ, स्लॅबच्या आधी दोन दिवस निरोप (प्र. १० पाहा).

३. हद्दीची भिंत तीस वर्षं उभी आहे. तीच हद्द धरायची ना?

मोजणी झाल्याशिवाय धरू नका. जुन्या भिंती सोयीने घातलेल्या असतात: एखादं झाड वाचवायला, नळाची लाइन चुकवायला, किंवा तेव्हाच्या दोन मालकांचं तोंडी ठरलं म्हणून. अधिकृत भूमापकाकडून, दोन्ही मालक हजर असताना मोजणी करून घ्या आणि कोपऱ्यांवर पक्क्या खुणा रोवा. भिंतीखालचा पाया भिंतीपेक्षा रुंद असतो हेही ध्यानात ठेवा. वर हद्दीत दिसणारी भिंत जमिनीखाली वीतभर पलीकडे गेलेली असू शकते.

भिंत हद्दीच्या आत किंवा बाहेर निघाली तर लगेच पाडायला जाऊ नका. दीर्घकाळ विनातक्रार ताबा असेल तर अनेक देशांत त्यातून हक्क तयार होतात. आधी वकिलाला कागद दाखवा.

४. काम सुरू होण्याआधी शेजारच्या घराचे फोटो काढायचे म्हणतात. कशासाठी, आणि कसे?

कारण ब्रेकर सुरू झाला की लोक आपल्या भिंतींकडे पहिल्यांदा नीट बघतात. पंधरा वर्षं जुनी भेगही त्या दिवशी ‘कालच पडलेली’ होते, आणि त्यात खोटेपणा नसतो. ती खरंच आधी दिसलेली नसते. उलट खरी नवी भेग पडली तरी ठेकेदार ‘जुनीच आहे’ म्हणून मोकळा होतो. तारखेचे फोटो दोघांचाही वाद मिटवतात. खर्च बांधणाऱ्याने करावा, कारण आळ त्याच्यावरच येणार असतो.

पद्धत अशी. प्रत्येक खोलीच्या दारात उभं राहून एका दिशेने एकेक भिंत घ्या, मग छत, मग फरशी. प्रत्येक भेगेजवळ मोजपट्टी धरून जवळून एक फोटो. भेग जिथे संपते तिथे पेन्सिलीने आडवी बारीक रेघ मारून तारीख लिहा. पुढे ती रेघेपलीकडे सरकली तर कुणालाही नुसत्या डोळ्यांनी कळतं. दारं-खिडक्यांच्या झडपांभोवतीची फट, न्हाणीघराच्या फरश्यांचे सांधे, कुंपणभिंत, गच्चीचा कठडा, अंगणातली फरसबंदी हे सगळं घ्या. लोक कपाटामागची भिंत सोडतात आणि नेमकी तीच शेजारच्या बाजूची असते. कपाट सरकवा. शेवटी यादीवर दोघांच्या सह्या आणि फोटोंची एकेक प्रत दोघांकडे.

शेजारी घरात येऊ देत नसेल तर? बाहेरून दिसतं तेवढं टिपा आणि ‘पाहणीसाठी विनंती केली होती’ हे पत्र देऊन पोच ठेवा.

५. माझ्या भिंतीला तडा गेला. शेजारच्या कामामुळे गेला हे कसं ओळखायचं?

एका तड्यावरून छातीठोक कुणी सांगू नये. पण रुंदी, आकार आणि हालचाल या तीन गोष्टी पुष्कळ बोलतात.

रुंदीबाबत ब्रिटनमध्ये रूढ असलेली वर्गवारी उपयोगी आहे. ०.१ मिमीपेक्षा बारीक भेग केसासारखी, दुर्लक्ष करावं. १ मिमीपर्यंत रंगकामात झाकली जाते. ५ मिमीपर्यंत ‘किरकोळ’: भरता येते, दारं थोडी अडखळू शकतात. ५ ते १५ मिमी मध्यम, म्हणजे विटा काढून बसवाव्या लागतील. १५ ते २५ गंभीर. त्यापुढे इमारतीच्या स्थैर्याचाच प्रश्न. गिलाव्यावरचं जाळं, म्हणजे सगळीकडे पसरलेल्या बारीक रेषा, बहुधा गिलावा आकसल्यामुळे असतं. त्याचा शेजाऱ्याशी संबंध नाही.

आकारात बघायचं ते असं: विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा तिरका तडा, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्याला निमुळता, हा पाया असमान खचल्याचं लक्षण आहे. तो खोदाईच्या बाजूच्या कोपऱ्यात असेल आणि त्याच आठवड्यात त्या बाजूचं दार घासायला लागलं असेल, तर संशय रास्त आहे.

हालचाल मोजायला जुना उपाय अजून चालतो. तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी बसवायची, दोन्ही टोकं सिमेंटच्या किंवा इपॉक्सीच्या ठिपक्याने पक्की, गिलावा खरवडून थेट विटेवर, आणि शेजारी तारीख. भिंत जराशी जरी सरकली तरी काच तडकते. किती सरकली हे काच सांगत नाही, म्हणून तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून डोक्यांमधलं अंतर व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या मापकाने) दर आठवड्याला लिहून ठेवा. दोन महिने जागचा न हललेला ४ मिमीचा तडा हा आठवड्याला अर्धा मिमी वाढणाऱ्या १ मिमीच्या तड्यापेक्षा बरा. वाढत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर त्याच दिवशी बोलवा.

चिकण किंवा काळ्या मातीवरची घरं पावसाळ्या-उन्हाळ्यात आपली आपणच हलतात. तिथे मागच्या वर्षीची नोंद नसेल तर निदान अवघड जातं.

६. मला तळघर हवं आहे, पण शेजाऱ्याचा पाया उथळ आहे. किती जवळ खोदता येईल?

वस्तीतली सगळ्यात धोक्याची पायरी हीच, म्हणून उत्तर लांब आहे.

ढोबळ हिशेब असा. शेजाऱ्याच्या पायाच्या खालच्या कडेपासून तुमच्या खड्ड्याकडे ४५ अंशांत उतरणारी रेघ काढा. तुमचा खड्डा त्या रेघेच्या वर राहिला तर त्याच्या पायाखालची माती साधारण सुरक्षित. त्याचा पाया १.२ मीटर खोल आणि तुमचा खड्डा ३ मीटर असेल तर फरक १.८ मीटर, म्हणजे त्याच्या पायापासून किमान १.८ मीटर लांब. हे बऱ्या, घट्ट मातीसाठी. भरावाची, वाळूची किंवा ओली माती असेल तर रेघ याहून सपाट धरावी लागते.

त्याचा पाया किती खोल आहे हे मात्र अंदाजाने ठरवायचं नाही. हद्दीलगत तुमच्या बाजूने हाताने एक छोटा चाचणी खड्डा घ्या आणि डोळ्यांनी बघा. जुन्या घरांचे पाये नकाशात एक आणि जमिनीत भलतेच निघतात.

रेघेच्या आत जावंच लागलं तर दोन मार्ग. एक, खोदाईआधी हद्दीवर पाइल्सची (जमिनीत खोल उतरवलेल्या काँक्रीटच्या खांबांची) रांग किंवा तत्सम रोधक भिंत उभी करून आत जाताना तिला आडवे टेकू देत जाणे. दुसरा, शेजाऱ्याच्या लेखी संमतीने त्याच्या पायाखाली काँक्रीट भरणे. हे तुकड्यातुकड्यांनी करतात: साधारण एक मीटर रुंदीचा तुकडा खोदायचा, काँक्रीट भरायचं, मधले दोन-तीन तुकडे मातीसह तसेच सोडून पुढचा घ्यायचा, पहिलं काँक्रीट ताकद धरल्यावरच सोडलेल्या तुकड्यांकडे वळायचं. वेळखाऊ आहे. जेसीबीने एका दिवसात अख्खी बाजू उघडी करणं स्वस्त पडतं, म्हणून तसं केलं जातं, आणि बऱ्याच भिंती तशाच पडतात.

दोन गोष्टी मुकादमाला निक्षून सांगा. खोदलेली माती खड्ड्याच्या काठावर रचायची नाही. एक घनमीटर माती दीड ते दोन टन भरते आणि तो भार कडेवरच पडतो. आणि हद्दीकडची खोदाई पावसाच्या तोंडावर काढायची नाही.

७. शेजारच्या खड्ड्यातून रात्रंदिवस पंपाने पाणी उपसतात. पाणी त्यांचं, मग माझ्या घराला काय होणार?

भूजल हद्द ओळखत नाही. पातळी त्यांच्या खड्ड्यात उतरली की तुमच्या घराखालीही उतरते. मातीच्या कणांना पाण्याने दिलेला तोलणारा दाब कमी होतो, आणि पातळी एक मीटर उतरली की खालच्या मातीवर दर चौरस मीटरला सुमारे एक टन जास्तीचा भार आल्यासारखं होतं. खडकावर किंवा घट्ट मुरुमावर फरक पडत नाही. मऊ चिकणमाती मात्र दबते आणि घर खचतं. बोस्टनच्या बॅक बे भागातली जुनी घरं लाकडी खुंटांवर उभी आहेत. पाणी खाली गेलं की खुंटांची डोकी उघडी पडून कुजतात, म्हणून तिथे निरीक्षण विहिरींतून भूजलाची पातळी मोजत राहतात.

दुसरा धोका पाण्याबरोबर वाहून जाणाऱ्या मातीचा, आणि तो तुम्हाला घरबसल्या तपासता येतो. पंपाच्या पाइपच्या तोंडाशी पांढरी बादली धरा, भरू द्या, दहा मिनिटं हलवू नका. तळाशी गाळाचा थर बसला आणि रोज बसत असेल, तर ती माती कुठून तरी येते आहे. पहिले एक-दोन दिवस गढूळ पाणी चालतं. नंतर नितळ यायला हवं. येत नसेल तर पंपाच्या खड्ड्याभोवती खडी-वाळूची गाळणी घालायला लावा. त्या बादलीचा तारखेसह फोटो ठेवा.

८. ब्रेकर लागला की फडताळातली भांडी वाजतात. घर पडेल का?

भांडी वाजली म्हणून घर पडत नाही. माणसाचं शरीर कंपनाला फार हळवं आहे. कंपन मिलिमीटर प्रति सेकंद या वेगात मोजतात. ब्रिटिश मानकांनुसार घरात बसलेल्या माणसाला ०.३ ला जाणवायला लागतं आणि १ ला तक्रारी येतात. क्षणिक कंपनाने घराच्या गिलाव्याला भेगा पडण्याची मर्यादा मात्र कमी वारंवारितेलाही १५ धरली आहे, म्हणजे जाणवण्याच्या पन्नासपट. जर्मन मानक सावध आहे: साध्या घरांना ५, नाजूक जुन्या वास्तूंना ३.

अपवाद तीन. कंपन सतत चालणारं असेल तर मर्यादा निम्म्यावर आणावी. घर आधीच कमकुवत असेल तर हे आकडे लावू नयेत. आणि घराखाली सैल वाळू असेल तर छोट्या कंपनानेही ती हळूहळू बसते, भिंतीला थेट काही न होता पाया खचतो. यांपैकी काही लागू असेल तर कंपनमापक लावायची मागणी करा. तेवढी मागणी अवास्तव नाही.

९. आवाजाचं काय? किती वाजेपर्यंत सोसायचा?

वेळा स्थानिक नियमांत असतात, त्या पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत दिवसा घराबाहेर ५५ डेसिबलवर गंभीर त्रास सुरू होतो असं धरलं आहे, आणि झोपेच्या खोलीत रात्री ३० च्या वर जाऊ नये असं म्हटलं आहे. बांधकामावर ५५ पाळणं जवळजवळ अशक्य. म्हणून आकड्यापेक्षा आखणीवर भर द्यावा.

दोन सारखे ब्रेकर एकदम चालवले तर आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका, पण काम निम्म्या दिवसांत संपतं. शेजारी उलट मागणी करतात, ‘एका वेळी एकच मशीन लावा’, आणि त्रास दुपटीने लांबवून घेतात. यंत्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून मिक्सर आणि जनरेटर हद्दीवर नको, प्लॉटच्या मध्यावर किंवा रस्त्याच्या बाजूला. पत्र्याचा आडोसा तुमच्या खिडकीतून यंत्र पूर्ण झाकत असेल तर १० डेसिबलपर्यंत फरक पडतो. वरच्या मजल्यावरून यंत्र दिसत असेल तर तिथे त्याचा उपयोग नाही.

१०. स्लॅब रात्रीपर्यंत का चालतो? संध्याकाळी थांबवून सकाळी करता येत नाही का?

मध्येच थांबवला तर जुनं काँक्रीट आवळून जातं आणि सकाळचं त्याला नीट पकडत नाही. तो सांधा पुढे गळतो. इंजिनिअर आधीच ठरवून योग्य जागी सांधा ठेवू शकतो, पण ती जागा कामगार दमले म्हणून ठरत नाही.

त्यामुळे स्लॅबची एखादी रात्र सोडून द्यावी. मात्र दर आठवड्याला ‘आज स्लॅब आहे’ ऐकू येत असेल तर ते आखणीचं अपयश आहे. सकाळी लवकर सुरुवात, मिक्सर मोडला तर दुसऱ्याची सोय आणि काँक्रीटच्या गाड्यांची वेळ पक्की केली की बहुतेक छोटे स्लॅब दिवसाउजेडी संपतात.

११. जुनं घर पाडताना उडणारी धूळ नुसती घाण आहे की घातकही?

घातकही. काँक्रीट, विटा, दगड कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत स्फटिकी सिलिका असते; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तिला १९९७ मध्ये कर्करोगकारक ठरवलं. डोळ्यांना दिसते ती धूळ खाली बसते, न दिसणारी फुफ्फुसात जाते. पाणी मारत पाडणं आणि ओलं कापणं हाच खरा इलाज. हिरवं जाळं फक्त मोठे कण अडवतं.

छपराला सिमेंटचे पन्हळी पत्रे किंवा घरात सिमेंटचे जुने पाइप असतील तर ते तपासेपर्यंत ॲस्बेस्टॉसचे समजा. हातोड्याने फोडायचे नाहीत. ओले करून, बोल्ट काढून, अख्खे उतरवून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचे. जुना तेलरंग कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

१२. शेजारी मजले चढवतो आहे. माझा उजेड अडवायचा त्याला हक्क आहे का?

देशावर अवलंबून आहे, आणि उत्तरं टोकाची आहेत. भारतात आणि इंग्लंडमध्ये एखाद्या खिडकीतून वीस वर्षं अखंड उजेड येत असेल तर त्यावर हक्क मिळू शकतो. मात्र थोडा उजेड कमी झाला म्हणून दाद मिळत नाही, घट ठळक असावी लागते. अमेरिकेत न्यायालयांनी बहुतांशी हा हक्क नाकारला आहे. १९५९ मध्ये फ्लोरिडात एका हॉटेलने चौदा मजली विस्तार काढला, त्याची सावली शेजारच्या हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर पडणार होती, आणि अपील न्यायालयाने बांधकाम अडवायला नकार दिला. जपानने १९७६ मध्ये इमारत कायद्यात बदल करून सावली किती तास पडावी यावरच मर्यादा आणली. मला यातली जपानची रीत सर्वांत शहाणी वाटते, कारण ती भांडण नकाशाच्या टप्प्यावरच सोडवते.

स्वतः अंदाज घ्यायचा तर ब्रिटनमधली एक कसोटी आहे: तळमजल्याच्या खिडकीच्या मध्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे बघण्याचा कोन २५ अंशांच्या आत असेल तर उजेड पुरेसा राहतो. दहा मीटर अंतरावर ही उंची खिडकीच्या मध्यापासून सुमारे ४.७ मीटर भरते, तीन मीटरवर जेमतेम १.४. म्हणजे दाट वस्तीत ही कसोटी जवळजवळ प्रत्येक घर नापास होतं. ती दाव्यासाठी नाही, किती गमावणार हे समजण्यासाठी वापरा.

१३. त्याची नवी खिडकी थेट माझ्या अंगणात उघडते. बंद करायला लावता येईल?

सामासिक अंतर पाळलं असेल तर बहुधा नाही. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत मात्र सरळ शेजाऱ्याकडे बघणारी खिडकी हद्दीपासून १.९ मीटरच्या आत ठेवता येत नाही, तिरकी असेल तर ०.६ मीटर. इतरत्र बोलूनच मार्ग निघतो: खालचा भाग धूसर काचेचा, किंवा खिडकीची खालची कड छातीच्या वर. चौकट बसण्याआधी बोला.

१४. हद्दीजवळ शेजाऱ्याचं मोठं झाड आहे. बांधकामाला कितपत लांब राहायचं?

ब्रिटिश मानकात मुळांचं संरक्षित वर्तुळ खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं धरतात, खोड जमिनीपासून दीड मीटरवर मोजून. ४० सेंमी जाडीच्या खोडाला ४.८ मीटर. मुळं सरळ खाली जातात हा समज चुकीचा आहे. बहुतेक मुळं वरच्या ६० सेंमी मातीत आडवी पसरलेली असतात, फांद्यांच्या घेराबाहेरही. म्हणून ड्रेनेजचा उथळ चर पायापेक्षा जास्त मुळं तोडतो. आणि काहीही न तोडता, नुसते विटांचे ट्रक उभे करून माती दाबली किंवा मुळांवर भराव टाकला तरी झाड मरतं. लगेच नाही, काही वर्षांनी, आणि तेव्हा कुणालाच कारण आठवत नाही.

मग झाडच तोडलं तर? फुगणाऱ्या मातीत मोठं झाड वर्षानुवर्षं पाणी ओढून माती आकसलेली ठेवतं. ते गेलं की माती परत पाणी धरून फुगते आणि पाया वर उचलला जातो. झाड तोडायला जिथे परवानगी लागते तिथे ती तर घ्याच, पण आधी इंजिनिअरला विचारा. हद्दीवर आलेल्या फांद्या छाटायची मुभा अनेक देशांत आहे, हद्दीपर्यंतच; झाड मरेल अशी छाटणी त्यात बसत नाही.

१५. शेजाऱ्याने जोतं उंच घेतलं, अंगणात सगळीकडे फरशी केली. आता पावसाचं पाणी माझ्याकडे येतं.

जुन्या वस्त्यांतली ही सगळ्यात हळू आणि सगळ्यात कडू तक्रार. रस्ता दर डांबरीकरणाला चढतो, नवं घर त्याच्याहून उंच जोतं घेतं, जुनं घर खड्ड्यात राहतं.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर फरशी आणि छपरावर तासात ५० मिमी पडला तर ५,००० लिटर. मातीत त्यातलं बरंच मुरलं असतं. फ्रान्सच्या संहितेचा नियम न्याय्य वाटतो: खालच्या जमिनीने नैसर्गिकपणे येणारं पाणी घ्यावं, पण वरच्याने ते वाढेल असं काही करू नये.

बांधणाऱ्याने करायचं ते: छपराची पन्हळ हद्दीबाहेर सोडायची नाही, हद्दीच्या आतल्या बाजूने नाली घ्यायची, अंगणाचा उतार स्वतःच्या नालीकडे ठेवायचा आणि काही भाग मातीचाच राखायचा. शोषखड्डा करायचा तर घरापासून किमान ५ मीटर लांब, शेजाऱ्याच्या घरापासूनही. नाहीतर तो पायालाच पाणी पाजतो.

१६. जुन्या घरावर फक्त एक मजला चढवायचा आहे. तेही धोक्याचं?

‘फक्त’ हा शब्द काढा. १५ सेंमी जाडीचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे ३७५ किलो भरतो, १०० चौरस मीटरचा साडेसदतीस टन, भिंती आणि माणसं वेगळी. हे सगळं त्याच जुन्या पायावर. पायाजवळ चाचणी खड्डा, काँक्रीटचे नमुने, सळया गंजल्या आहेत का याची तपासणी एवढं झाल्याशिवाय कुणी ‘चढवा बिनधास्त’ म्हणत असेल तर त्याला ते लेखी द्यायला सांगा. भिंत शेजाऱ्याबरोबर सामाईक असेल तर भार त्याच्याही पायावर जातो, प्र. १ मधली नोटीस तिथे अटळ आहे.

१७. परांची बांधायला शेजाऱ्याच्या अंगणात दोन आठवडे जागा हवी आहे.

लेखी मागा: तारखा, जागा, झाडा-कुंड्यांची जबाबदारी, शेवटी साफसफाई. क्रेनचा दांडा त्याच्या घरावरून फिरणार असेल तर तेही लिहा. तोंडी ‘हो’ दुसऱ्या आठवड्यात फिरतं.

१८. शेजाऱ्याची भिंत आणि माझी नवी भिंत चिकटवून बांधली तर जागा वाचेल ना?

भूकंपप्रवण भागात मुळीच नको. दोन इमारती वेगवेगळ्या लयीत हलतात आणि एकमेकींवर आदळतात. १९८५ च्या मेक्सिको सिटीच्या भूकंपात अनेक इमारतींचं असं नुकसान झालं. दोन्हीकडच्या स्लॅबच्या पातळ्या जुळत नसतील तर एकीचा स्लॅब दुसरीच्या खांबाच्या मध्यावर आदळतो, ते सर्वांत वाईट. अंतर किती हे उंचीप्रमाणे इंजिनिअर ठरवेल. ती फट मातीने किंवा राड्याने भरू देऊ नका आणि वरून पत्र्याने झाका, नाहीतर दोन्ही घरांना ओल.

१९. काम अर्धवट सोडून मालक गायब आहे. उघडा खड्डा तसाच.

तात्पुरते टेकू तात्पुरत्यासाठीच असतात. लाकडी असतील तर एका पावसाळ्यात सैल होतात. खड्ड्यात पाणी साठतं, डास होतात, कडा ढासळतात. स्थानिक प्राधिकरणाकडे ‘काम बंद आहे’ अशी तक्रार नको, ‘माझ्या घराच्या पायाला धोका आहे’ अशी लेखी तक्रार करा, इंजिनिअरचा छोटा अहवाल आणि प्र. ५ मधली मोजमापं जोडून. धोक्याच्या तक्रारीकडे लवकर बघितलं जातं. तोवर खड्ड्याकडच्या बाजूला स्वतःचं वजन वाढवू नका: पाण्याची टाकी, गाडी, विटांचा ढीग तिथून हलवा.

२०. तडे भरून देतो म्हणतात, पण ‘आता काही तक्रार नाही’ या कागदावर सही मागतात. करावी का?

लगेच नको. इमारतीचं पूर्ण वजन पायावर आल्यानंतरही माती काही काळ बसत राहते, चिकणमातीत तर बराच काळ. हलता तडा भरला तर तो शेजारून पुन्हा फुटतो. काचेची पट्टी किंवा खिळ्यांमधलं अंतर एक अख्खा पावसाळा आणि एक उन्हाळा स्थिर राहिलं की मगच भरून घ्या, आणि गिलाव्यावर लांबी (पुट्टी) फासून नाही, तर सांधा उकरून.

ठेकेदार तोवर थांबायला तयार नसेल तर दोन कागद करा. एक, आत्ता झालेल्या दुरुस्तीची यादी आणि पोच. दुसरा, ठराविक मुदतीत हेच तडे पुन्हा उघडले किंवा नवे पडले तर दुरुस्ती त्याची, यावर त्याची आणि मालकाची सही. तुमची सही पहिल्यावरच.